विद्यापीठाने घडवलेले आणि मोडलेले शहर : कोइंब्रा

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहरात एक जुने ग्रंथालय आहे. संध्याकाळी ते बंद करण्यापूर्वी तिथले कर्मचारी एक काम न चुकता करतात. दालनांतल्या मोठमोठ्या लाकडी टेबलांवर ते चामड्याची आच्छादने पसरतात. सकाळी ही आच्छादने उचलायची, फरशी झाडूनपुसून घ्यायची आणि मगच लोकांसाठी दार उघडायचे, असा इथला परिपाठ आहे.

याला कारण आहे वटवाघळे. या ग्रंथालयात लहान जातीच्या, कीटक खाऊन जगणाऱ्या वटवाघळांची वस्ती आहे. दिवसभर ती कपाटांच्या मागच्या फटींत दडून असतात आणि रात्री बाहेर पडून पुस्तकांची नासाडी करणारे किडे व पतंग टिपतात. जुन्या पुस्तकांना कसर लागली की काय होते, हे शाळेचे ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको. इथे सुमारे ६० हजार जुने ग्रंथ आहेत. त्यांच्या रखवालीचा मोबदला म्हणून वटवाघळांची विष्ठा रोज सकाळी साफ करायची, हा सौदा ग्रंथपालांनी पिढ्यानपिढ्या मान्य केलेला आहे.

इमारतही पुस्तकांच्या सोयीची आहे. राजा पाचवा जुआंव याच्या काळात, १७१७ ते १७२८ या वर्षांत ती बांधली गेली. म्हणून तिला 'जुआनिना ग्रंथालय' म्हणतात. तिच्या भिंती दोन मीटरपेक्षा जाड आहेत, त्यामुळे आतले तापमान आणि हवेतला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. कपाटे ओकच्या घट्ट लाकडाची आहेत, त्यात किड्यांना सहज शिरता येत नाही. आणि दार आहे सागवानी. साग हे युरोपात वाढणारे झाड नव्हे. समुद्रापलीकडच्या साम्राज्याची ती एक खूण आहे.

हे ग्रंथालय कोइंब्रा विद्यापीठाचे आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने या विद्यापीठाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण यादीतले नाव नुसते 'कोइंब्रा विद्यापीठ' एवढेच नाही. ते आहे 'कोइंब्रा विद्यापीठ – आल्ता आणि सोफिया'. आल्ता म्हणजे टेकडीवरचे वरचे शहर, आणि सोफिया हा टेकडीच्या पायथ्याचा एक रस्ता. एका विद्यापीठाबरोबर शहराचा एक भाग आणि एक अख्खा रस्ता वारसा ठरतो, याचा अर्थ काय?

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी, जुनी देवळे येतात. यांपैकी बऱ्याच वास्तूंचा मूळ वापर केव्हाच थांबलेला असतो. विद्यापीठाचे तसे नसते. ते चालू असते. दर पिढीला त्याला नव्या खोल्या, नवी उपकरणे, नवी जागा लागते. त्यामुळे ते जुने काही जपते, काही बदलते आणि काही पाडतेही. कोइंब्रात या तिन्ही गोष्टी घडल्या. त्यांचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे.

टेकडी, राजवाडा आणि फिरते विद्यापीठ

कोइंब्रा मोंदेगु नदीच्या उजव्या काठावर वसले आहे. रोमन काळात इथे एमिनियम नावाचे नगर होते. टेकडीच्या उतारावर सपाट चौक हवा म्हणून रोमनांनी कमानींच्या दुमजली भुयारी दालनांचा भक्कम आधार उभारला आणि त्यावर चौक केला. ही दालने आजही शाबूत आहेत. त्यांच्यावर पुढे बिशपचा वाडा झाला आणि आता तिथे संग्रहालय आहे. पुढे मुस्लिम राजवटीत टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचा वाडा बांधला गेला. १०६४ मध्ये शहर कायमचे ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडे गेले. बाराव्या शतकात पोर्तुगालचे स्वतंत्र राज्य उभे राहिले तेव्हा हाच वाडा राजवाडा झाला आणि १२५५ पर्यंत कोइंब्रा राजधानी राहिले.

विद्यापीठाचा जन्म मात्र इथला नाही. राजा दिनिश याने १२९० मध्ये ते लिस्बनला स्थापन केले. १३०८ मध्ये ते कोइंब्राला आले, १३३८ मध्ये लिस्बनला परत गेले, १३५४ मध्ये पुन्हा कोइंब्राला आणि १३७७ मध्ये पुन्हा लिस्बनला! आज आपल्याला हे गमतीचे वाटते. पण मध्ययुगीन विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हेच. शिकवणारे आणि शिकणारे यांचा तो एक संघ असे. भाड्याच्या खोल्या, थोडी पुस्तके आणि राजाची सनद एवढाच त्याचा संसार. असा संसार बैलगाडीवर लादून हलवता येतो. शहरवासी आणि विद्यार्थी यांच्यातली भांडणे हेही या स्थलांतरांचे एक कारण सांगितले जाते.

१५३७ मध्ये राजा तिसरा जुआंव याने विद्यापीठ कोइंब्रात आणले ते कायमचे. राजे आता लिस्बनला राहत होते. रिकामा राजवाडा वर्गांसाठी मिळाला. १५९७ मध्ये विद्यापीठाने तो राजाकडून रीतसर विकतच घेतला. जिथे सिंहासन होते त्या दालनात पीएच.डी.च्या तोंडी परीक्षा होऊ लागल्या, आणि महत्त्वाचे समारंभ आजही तिथेच होतात. राजधानी गेल्यावर ओस पडलेल्या राजवाड्यांचे काय होते, ते आपण आपल्याकडेही पाहतो. छप्पर गळते, लाकूड लोक घेऊन जातात, मग दगड जातात. कोइंब्राचा राजवाडा वाचला, कारण त्यात रोज सकाळी तास भरत होते.

विद्यापीठ येणार म्हणून टेकडीखाली एक नवा रस्ता आधीच, १५३५ मध्ये, आखला गेला होता. 'रुआ दा सोफिया' म्हणजे ज्ञानाचा रस्ता. सरळ आणि त्या काळाच्या मानाने चांगलाच रुंद. वेगवेगळ्या धर्मसंघांनी त्याच्या कडेला आपापली महाविद्यालये बांधली. प्रत्येकाचे चर्च, मधोमध चौक आणि भोवती ओवऱ्या. एक रस्ता शिक्षणासाठीच आखला जावा, ही कल्पना तेव्हा नवी होती.

याच रस्त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथल्या 'कला महाविद्यालया'ची मूळ जागा थोड्याच वर्षांत इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, ताब्यात गेली. गोव्याच्या इतिहासामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. कोइंब्रातल्या त्या आवाराला आजही 'इन्क्विझिशनचे आवार' असेच म्हणतात. ज्ञानाच्या रस्त्यावर विचारांवर पहारा ठेवणारे कार्यालयही होते.

व्हर्निअरच्या आधी

प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर देतो. काही युरोपीय भाषांत या पट्टीला 'नोनियस' म्हणतात. हे नाव पेद्रु नुनिश या गणितज्ञाच्या लॅटिन नावावरून आले. तो १५४४ ते १५६२ या काळात कोइंब्रा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता.

नुनिशपुढचा प्रश्न असा होता. ताऱ्याची उंची मोजण्याच्या चतुर्थांश वर्तुळावर ९० अंश कोरलेले असतात. अंशाचा छोटा भाग मोजायचा तर इतक्या बारीक रेघा कोरणार कशा? त्याने उपाय सुचवला तो असा : बाहेरच्या कंसाच्या आत आणखी ४४ कंस काढा. पहिल्याचे ८९ सारखे भाग करा, दुसऱ्याचे ८८, तिसऱ्याचे ८७, असे शेवटच्याचे ४६ पर्यंत. आता दृष्टिरेषा कोणत्या ना कोणत्या कंसावरच्या खुणेला जवळजवळ नेमकी छेदेलच. समजा, ७७ भाग केलेल्या कंसावरच्या ३० व्या खुणेवर ती आली. मग कोन झाला ९० × ३० ÷ ७७, म्हणजे सुमारे ३५.०६ अंश. युक्ती अचूक होती, पण इतके कंस कोरणे कारागिरांना अवघड जाई. पुढे १६३१ मध्ये पिएर व्हर्निए याने दोनच पट्ट्या, त्यांतली एक सरकती, अशी सोपी रचना केली आणि तीच रूढ झाली.

दर्यावर्दी लोकांची एक गफलतही नुनिशने दाखवून दिली. होकायंत्राची दिशा कायम ठेवून जहाज हाकले तर ते पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या मार्गाने जाते, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे नसते. असा मार्ग प्रत्येक रेखावृत्ताला सारख्याच कोनात छेदतो आणि ध्रुवाभोवती गुंडाळत जाणारा सर्पिल बनतो. जुन्या रबरी चेंडूवर रेखावृत्ते काढून, प्रत्येकाला ६० अंशांत छेदणारी रेघ ओढायला मुलांना सांगून पाहा. दोन-चार रेघांनंतर ती स्वतःच ओरडून सांगतील, की ही रेघ वळतेय!

नुनिश तिथे होता त्याच काळात कोइंब्राच्या जेझुइट महाविद्यालयात क्रिस्टोफर क्लाव्हियस हा जर्मन तरुण शिकत होता. २१ ऑगस्ट १५६० रोजी भर दुपारी कोइंब्रावरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली गेली. तारे दिसू लागले आणि भेदरलेले पक्षी जमिनीवर उतरले, अशी नोंद क्लाव्हियसने पुढे केली. हेच ग्रहण डेन्मार्कमध्ये खंडग्रास दिसले. ते आधी वर्तवता आले, या गोष्टीने तिथला तेरा वर्षांचा एक मुलगा थक्क झाला. तो म्हणजे टायको ब्राहे. क्लाव्हियस पुढे रोमला गेला आणि १५८२ च्या कालगणना-सुधारणेतला प्रमुख गणिती ठरला. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर त्या सुधारणेनुसारच चालते.

क्लाव्हियसचा रोममधला विद्यार्थी मातेओ रिची चीनला निघाला, तेव्हा तोही आधी कोइंब्राला येऊन राहिला. तिथून १५७८ मध्ये तो गोव्याला पोचला आणि पुढे चीनला गेला. क्लाव्हियसने संपादित केलेल्या युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग त्याने शू ग्वांगची या चिनी विद्वानाबरोबर चिनी भाषेत आणले, ते १६०७ मध्ये. कोइंब्रा, गोवा, पेकिंग असा हा भूमितीचा एक रस्ता होता.

स्वयंपाकघराशेजारची रसायनशाळा

१७५५ मध्ये मोठ्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले. त्याची पुनर्बांधणी करणारा प्रधान मार्किश द पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइटांना देशाबाहेर घालवले आणि १७७२ मध्ये कोइंब्रा विद्यापीठाची घडी नव्याने बसवली. गणित आणि निसर्गविज्ञान यांच्या स्वतंत्र विद्याशाखा निघाल्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शवविच्छेदन आणि रुग्णालयातले काम आवश्यक ठरले. नुसते पाठांतर नव्हे, तर पाहणे, मोजणे आणि करून बघणे हे शिक्षणाचे अंग झाले.

पण यासाठी जागा कुठून आणायची? जेझुइटांच्या इमारती रिकाम्या पडल्या होत्या. त्यांचे मोठे चर्च शहराचे नवे कॅथीड्रल झाले. महाविद्यालयाच्या इमारतीत निसर्ग-इतिहासाचा संग्रह आणि भौतिकशास्त्राची उपकरणे मांडली गेली. जिथे जेझुइट जेवायला बसत, त्या भोजनगृहाच्या जागी रसायनशाळा उभी राहिली. शिकवायला माणसे आणली इटलीतल्या पादुआहून : रसायन आणि निसर्ग-इतिहासासाठी दोमेनिको वांदेली, आणि भौतिकशास्त्रासाठी दाल्ला बेल्ला.

वनस्पती उद्यानाची कथा शिक्षकांना विशेष आवडावी. पहिला आराखडा पोंबालकडे गेला तेव्हा तो भडकला. आराखडा भपकेदार होता आणि खर्च अफाट होता. विद्यार्थ्यांना झाडे ओळखायला शिकवणारी बाग मला हवी आहे, राजपुत्रांच्या चैनीची नको, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने आराखडा परत पाठवला. बाग झाली ती साधेपणाने सुरू झाली आणि हळूहळू वाढत गेली. पुढे आवेलार ब्रोतेरु याने तिथे शिकवता शिकवता पोर्तुगालच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १८०४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ही बाग सुमारे १३ हेक्टरांची आहे आणि शहराचे फुप्फुस झाली आहे.

वांदेलीच्या शिष्यांना साम्राज्यभर पाठवण्यात आले. त्यांपैकी मानुएल गाल्व्हांव दा सिल्व्हा १७८३ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथली निसर्गसंपत्ती पाहून पुढे मोझांबिकला गेला. दगड, झाडे आणि प्राणी यांचे नमुने लिस्बनकडे पाठवायचे, हे त्याचे काम. विद्यापीठातला संग्रह वाढतो तो असा. त्यामागे जिज्ञासा होती आणि वसाहतीत काय काय विकण्याजोगे आहे, याची चौकशीही होती.

याच सुधारणेत पहिली मोठी पाडापाडीही झाली. वेधशाळेसाठी जुन्या किल्ल्याची जागा निवडली गेली. किल्ल्याचा भाग पाडला, बांधकाम सुरू केले आणि ते अर्ध्यावर सोडून दिले. अखेर अठराव्या शतकाच्या शेवटी राजवाड्याच्या अंगणात लहानशी वेधशाळा बांधली गेली. किल्ला मात्र गेला तो गेलाच.

आणि माणसांचे काय? पोंबालने १७७३ मध्ये भूमितीच्या अध्यापनासाठी झुझे अनास्तासियु दा कुन्या या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला नेमले. अनंत श्रेणी कधी अभिसारी होते याची काटेकोर व्याख्या त्याने केली. ती कोशीच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या निकषाच्या अगदी जवळची होती आणि कोशीच्या कितीतरी आधीची. १७७७ मध्ये पोंबालची सत्ता गेली. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने दा कुन्याला त्याच्या विचारांसाठी अटक केली आणि शिक्षा ठोठावली. तो परत कोइंब्रात शिकवायला आला नाही. १७८७ मध्ये तो वारला आणि त्याचे गणिताचे पुस्तक १७९० मध्ये पूर्ण छापून झाले. इमारती सुधारणे सोपे, शिकवण्याचे स्वातंत्र्य सांभाळणे अवघड, हा धडाही या टेकडीच्या वारशात येतो.

घंटा, काळे झगे आणि गोव्याची मुले

इव्होरा शहरातले जेझुइटांचे विद्यापीठ १७५९ मध्ये बंद झाले. तेव्हापासून १९११ पर्यंत पोर्तुगालमध्ये विद्यापीठ होते ते एकटे कोइंब्राचे. ब्राझील असो की गोवा, वकिलीची पदवी हवी असलेल्या मुलाला याच टेकडीवर यावे लागे. घरापासून दूर आलेल्या हजारो मुलांनी शहराला एक वेगळी राहणी दिली. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरची एक घंटा 'काब्रा', म्हणजे शेळी, या टोपणनावाने प्रसिद्ध आहे. तिच्या टोल्यांवर विद्यार्थ्यांचा दिवस चाले. तिचा लोलक पळवून तास बुडवण्याच्या गोष्टी आजही सांगतात. विद्यार्थ्यांचे काळे झगे, मे महिन्यातला उत्सव, जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरचे रात्रीचे गाणे, आणि विद्यार्थ्यांनी एकत्र खर्चाने चालवलेली 'रेपुब्लिका' नावाची घरे, हे सारे दगडात बांधलेले नाही. तरी युनेस्कोने वारसा मोजताना या चालीरीतींचीही दखल घेतली.

गोव्याहून गेलेल्या मुलांनीही इथे आपली खूण ठेवली. मडगावचे आदेओदातो बार्रेतो आणि तेलो दि मास्कारेन्यस हे १९२० च्या दशकात कोइंब्रात कायदा शिकत होते. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी तिथूनच 'इंदिया नोव्हा' (नवा भारत) हे वृत्तपत्र पोर्तुगीज भाषेत काढले. ज्या विद्यापीठाने साम्राज्याला न्यायाधीश आणि कारभारी पुरवले, त्याच विद्यापीठाच्या आवारात साम्राज्याला प्रश्न विचारणारी मुलेही तयार झाली. बार्रेतो १९३७ मध्ये ऐन तारुण्यात वारले. मास्कारेन्यस गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरले आणि त्यासाठी त्यांना पोर्तुगालमध्ये दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला.

टेकडी सपाट झाली

आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार हा याच विद्यापीठात कायदा शिकला आणि इथेच अर्थशास्त्र शिकवत होता. १९३२ मध्ये तो पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि हुकूमशहा म्हणून त्याने १९६८ पर्यंत राज्य केले. आपल्या विद्यापीठाला भव्य 'विद्यापीठ नगरी' द्यायची, असे त्याच्या राजवटीने ठरवले. शहराबाहेर मोकळी जमीन घेता आली असती. पण टेकडीचा माथाच निवडला गेला, कारण विद्यापीठाची परंपरा तिथली होती.

माथ्यावर मात्र माणसे राहत होती. अरुंद गल्ल्या, दुकाने, खानावळी, विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे. विद्यापीठाभोवती चार शतकांत वाढलेले ते एक गावच होते. १९४३ मध्ये पाडकाम सुरू झाले. गल्ल्या गेल्या, घरे गेली, धर्मसंघांची काही जुनी महाविद्यालये गेली, आणि राजवाड्याच्या अंगणातली ती वेधशाळाही गेली. शेकडो कुटुंबांना शहराच्या कडेला बांधलेल्या नव्या वसाहतींत हलवले. त्यांच्या जागी रुंद रस्ते, १२५ पायऱ्यांचा प्रचंड जिना आणि उंच, सरळसोट, एकसारख्या दिसणाऱ्या विद्याशाखांच्या इमारती उभ्या राहिल्या. एका रस्त्याचे 'रुआ लार्गा', म्हणजे रुंद रस्ता, हे जुने नाव तेवढे राहिले. रस्ता तो राहिला नाही.

वरच्या शहरातल्या मूळ रहिवाशांना 'सालातीना' म्हणत. आपले मोहल्ले नकाशावरून पुसले गेले तरी हे नाव ते विसरले नाहीत. विखुरलेले सालातीना पुढेही वर्षानुवर्षे एकत्र जमत राहिले.

नव्या इमारतींपैकी एक होती गणिताची. १७ एप्रिल १९६९ रोजी तिच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाश आले होते. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तु मार्तिन्श उभा राहिला आणि त्याने विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्याच रात्री त्याला अटक झाली. विद्यार्थ्यांनी वर्गांवर आणि परीक्षांवर बहिष्कार टाकला. सरकारने अनेकांना सक्तीने सैन्यात भरती केले, आणि तेव्हा सैन्य म्हणजे आफ्रिकेतले वसाहतींचे युद्ध. हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली. ज्या इमारतींनी राजवटीचा दरारा दाखवायचा होता, त्यांपैकीच एका इमारतीच्या उद्घाटनात तिला जाहीर प्रश्न विचारला गेला होता.

मग वारसा कशाला म्हणायचे?

२०१३ च्या नोंदीत राजवाडा आहे, जुआनिना ग्रंथालय आहे, रसायनशाळा, वनस्पती उद्यान आणि सोफिया रस्ता आहे. आणि सालाझारच्या काळातल्या त्या इमारतीही आहेत. पाडून बांधलेलेही काळाने वारशात जमा होते. पाडलेले मात्र यादीत येऊ शकत नाही, ते फक्त आठवणीत राहते.

कोइंब्राचा जमाखर्च पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. विद्यापीठाने आपली गरज जुन्या भिंतींत बसवली तेव्हा त्या भिंती वाचल्या. राजवाड्यात वर्ग भरले, भोजनगृहाची रसायनशाळा झाली, आणि २००६ मध्ये त्याच रसायनशाळेचे विज्ञान संग्रहालय झाले. याउलट, आपला मोठेपणा दाखवण्यासाठी जागा मोकळी केली तेव्हा, मग तो पोंबालचा काळ असो की सालाझारचा, जे गेले ते परत आले नाही. आता प्रश्न नव्या रूपात उभा आहे. वैद्यक आणि अभियांत्रिकी या विद्याशाखा टेकडीबाहेरच्या नव्या परिसरांत गेल्या आहेत. वर उरलेल्या वास्तू पाहायला पर्यटक येतात. पण पर्यटक संध्याकाळी निघून जातो. राजवाडा टिकला तो पाहणाऱ्यांमुळे नव्हे, वापरणाऱ्यांमुळे, हे तिथल्या कारभाऱ्यांना विसरून चालणार नाही.

वटवाघळांना ग्रंथालयात कुणी मुद्दाम आणले नव्हते. ती आली, राहिली, आणि ग्रंथपालांनी त्यांच्या सोयीने आपले रोजचे काम बदलले. काही पावलांवरच्या गल्ल्यांतली माणसेही तशीच विद्यापीठाच्या आधाराने राहत होती आणि विद्यापीठही त्यांच्या आधाराने चालत होते. त्यांच्यासाठी मात्र कुणी आपला आराखडा बदलला नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

कोइंब्रा लांब आहे, पण हा प्रश्न लांबचा नाही. आपल्याकडेही कित्येक शाळा जुन्या वाड्यांत, धर्मशाळांत, संस्थानी इमारतींत भरतात. काही शाळांची मैदाने पूर्वी कुणाची शेते किंवा घरे होती. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून त्यांना चार प्रश्न द्यावेत : आपली शाळा बांधण्याआधी या जागेवर काय होते? इमारतीतला सर्वांत जुना भाग कोणता, आणि तो कशावरून ओळखला? शाळेमुळे आजूबाजूला काय उभे राहिले (वह्यांचे दुकान, खानावळ, वसतिगृह, बसथांबा)? आणि शाळेसाठी कुणाला जागा सोडावी लागली का?

उत्तरे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरात, शाळेच्या जुन्या हजेरीपटांत आणि मुख्यतः परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मिळतील. ती एका नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी भरावीत. जे पाडले गेले त्यासाठीही एक रंग राखून ठेवावा. बहुतेक नकाशांत तोच विसरला जातो.